'स्वभाव' की आजार? बायपोलर आणि व्यक्तिमत्त्व विकार यांतला फरक कार्यकर्त्यांनी का समजून घ्यावा

कसारा हे मध्य रेल्वेच्या लोकलचे शेवटचे स्टेशन. पुढे घाट, घाट चढला की इगतपुरी, आणि इगतपुरीला धम्मगिरी. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरे चालतात आणि शहापूर-मुरबाडच्या आपल्या वस्त्यांमधून कितीतरी उपासक-उपासिका दहा दिवस काढून आलेले आहेत. त्यामुळे आपल्याकडे एखाद्या तरुणाचे 'डोके फिरले' की दोन सल्ले हमखास मिळतात. म्हातारी माणसे म्हणतात, भगताला दाखवा. मंडळातली शिकलेली मुले म्हणतात, इगतपुरीला पाठवा, दहा दिवसांत मन शांत होईल.

पहिल्या सल्ल्याला आपण जोरात विरोध करतो आणि तो केलाच पाहिजे. दुसऱ्या सल्ल्याला मात्र सगळे माना डोलावतात. आमचे म्हणणे आहे की इथे थांबून विचार करा. ज्याला चार रात्री झोप नाही, जो अखंड बोलतो आहे, ज्याला आपल्या हातून काहीतरी अफाट घडणार याची खात्री पटली आहे, अशा माणसाला पहाटे चारच्या घंटेवर उठवून दिवसभर मौनात बसवणे हा उपचार नव्हे. विपश्यनेच्या नियमावलीतच सांगितले आहे की गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही, कारण ते स्वयंसेवकांनी चालवलेले असते आणि अशा रुग्णाची नीट काळजी घेण्याची सोय तिथे नसते. प्रवेशाच्या फॉर्मवर आजाराविषयी विचारलेले असते ते याचसाठी. तिथे 'काही नाही' असे लिहून आपण आपल्याच माणसाला धोक्यात घालतो.

मग पाठवायचे कुठे आणि सांगायचे काय? डॉक्टरकडे, हे उत्तर बरोबरच आहे. पण डॉक्टरकडे गेल्यावरही एक घोळ होतो आणि हा लेख त्या घोळाविषयी आहे.

सरकारी दवाखान्याच्या केस पेपरवर कधी 'बीपीएडी' लिहिलेले असते, कधी 'बीपीडी'. मध्ये फक्त एका अक्षराचा फरक. पहिले म्हणजे बायपोलर आजार, ज्याला मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात. दुसरे म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. दोन्हींत माणूस कधी उसळतो, कधी कोसळतो. दोन्हींत राग, उधळपट्टी, तुटलेली नाती, स्वतःला इजा करणे हे दिसू शकते. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. उपचार मात्र पुष्कळ वेगळे. एकाच्या उपचाराचा पाया औषध आहे, दुसऱ्याच्या उपचाराचा पाया बोलण्याची, सावरण्याची शिस्तबद्ध थेरपी. अक्षर चुकले तर वर्षे चुकतात.

ही चूक फक्त आपल्या खेड्यापाड्यांत होते असे समजू नका. अमेरिकेत २००० साली बायपोलर रुग्णांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात १०० पैकी ६९ जणांनी सांगितले की त्यांचे निदान आधी दुसरेच काहीतरी झाले होते. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना बरोबर निदान व्हायला १० वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागला. उलट दिशेची चूकही तिथेच सापडली. ऱ्होड आयलंडमधील डॉ. मार्क झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की 'तुला बायपोलर आहे' असे ज्यांना आधी सांगितले गेले होते, त्यांची बारकाईने मुलाखत घेतली तेव्हा निम्म्याहून कमी लोकांत ते निदान टिकले. ज्यांचे टिकले नाही त्यांच्यात बॉर्डरलाइनचे प्रमाण बरेच होते. जिथे एका रुग्णाला तास-दीड तास देता येतो तिथली ही गोष्ट. आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत रांग केवढी असते हे तुम्ही पाहिलेले आहे.

आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणू. ही खरी माणसे नव्हेत, समजण्यापुरती आम्ही उभी केली आहेत.

पहिला २३ वर्षांचा तरुण. आसनगावच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला, संध्याकाळी अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी. शांत मुलगा. मार्चच्या शेवटी त्याची झोप कमी झाली. रात्री दोन-अडीच तास झोपायचा आणि पहाटे ताजातवाना. जयंती जवळ आलेली, त्यामुळे कोणाला वेगळे वाटले नाही. मग त्याने तालुक्यातल्या प्रत्येक गावात वाचनालय काढायची योजना मांडली, ४० पानांची वही भरून टाकली, बोलताना एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला, मध्ये कोणी बोलले की भडकायचा. बचत गटातून, फायनान्सवाल्याकडून कर्ज काढले, डीजेला आगाऊ रक्कम दिली, नोकरी सोडली. हे तीन आठवडे चालले. जूनमध्ये तोच मुलगा घराच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पडलेला. आंघोळ नाही, जेवण नाही, 'मी सगळ्यांना बुडवले' एवढेच बोलायचा. दिवाळीपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा झाला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय मिटवून टाकला.

दुसरी २२ वर्षांची तरुणी. मुरबाडहून कल्याणला एसटीने कॉलेजला जाते. तिच्या भावना सकाळी एक, दुपारी एक. मैत्रिणीने फोन उचलला नाही की ती आपल्याला सोडून चालली अशी खात्री, मग वीस मेसेज, मग शिव्या, मग रडून माफी. जी मैत्रीण सोमवारी देवमाणूस असते ती गुरुवारी सगळ्यात मोठी शत्रू. मनात कायम एक पोकळी असल्यासारखे वाटते असे ती म्हणते. रागाच्या भरात दोनदा हातावर ब्लेडने कापून घेतले आहे. पण झोप साधारण लागते, आणि कुणी प्रेमाने जवळ बसून बोलले तर दोन तासांत ती हसू शकते. हे आठवीनववीपासून असेच चालू आहे. घरी सगळे म्हणतात, नाटके करते.

पहिल्याचे चित्र बायपोलरकडे झुकते, दुसरीचे बॉर्डरलाइनकडे. फरक कशावरून?

सर्वांत आधी काळावरून. बायपोलर हा झटक्यांचा, म्हणजे पर्वांचा आजार आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा आजार वेगळा काढला तो याच आधारावर. रुग्ण आज कसा दिसतो यापेक्षा आजार वर्षानुवर्षे कसा चालतो हे त्यांनी पाहिले. आजच्या निकषांप्रमाणे उन्मादाचे, म्हणजे मॅनियाचे पर्व किमान एक आठवडा, बहुतेक सगळा दिवस, रोज टिकावे लागते. प्रकृती इतकी बिघडली की ताबडतोब भरती करावे लागले तर आठवड्याची अट नाही. सौम्य उन्मादाला, म्हणजे हायपोमॅनियाला, चार दिवस. नैराश्याला दोन आठवडे. बॉर्डरलाइनमधली भावनेची लाट सहसा काही तासांची असते, फार तर एखाद-दोन दिवसांची. म्हणून 'त्याचा मूड दिवसात पाच वेळा बदलतो, नक्की बायपोलर असेल' हे जे आपण सर्रास बोलतो ते बहुधा उलटे असते. डॉक्टर 'रॅपिड सायकलिंग' म्हणतात तेव्हासुद्धा त्याचा अर्थ वर्षात चार किंवा जास्त पर्वे असा आहे.

दुसरे, झोप. आमच्या मते घरच्यांना सर्वांत सहज दिसणारी आणि डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडणारी खूण हीच. झोप न लागणे वेगळे आणि झोपेची गरजच न उरणे वेगळे. काळजीने, भांडणाने, मोबाइलने ज्याची झोप गेली तो दुसऱ्या दिवशी पेंगतो, चिडतो. उन्मादात शिरणारा माणूस दोन-तीन तास झोपून चार दिवस पळतो आणि वर म्हणतो, मला एवढे छान कधी वाटले नव्हते. अनेकांमध्ये झोप आधी जाते आणि बाकीची लक्षणे नंतर येतात. ज्याला एकदा हे पर्व येऊन गेले आहे त्याच्या घरच्यांनी दोन रात्री अशा गेल्या की तिसऱ्या दिवशीच डॉक्टरला फोन करावा.

तिसरे, लाट कशाने उठते. बॉर्डरलाइनमध्ये बहुतेक वेळा नात्यातला धक्का असतो: दुर्लक्ष, ताटातूट, अपमान, किंवा त्याची नुसती शंका. बायपोलरमध्येही पहिल्या पर्वाआधी ताण सापडतो, बाळंतपण सापडते, रात्रपाळी सापडते. पण एकदा गाडी सुटली की ती कोणाच्या समजावण्याने थांबत नाही. त्या तरुणाला जूनमध्ये कितीही प्रेमाने जवळ घेतले असते तरी तो दोन तासांत हसला नसता.

चौथे, मधला काळ. दोन पर्वांच्या मध्ये बायपोलरचा रुग्ण बऱ्याचदा आपल्या मूळ रूपात परततो. सगळेच पूर्ण परततात असे नाही, पण 'हा आमचा पोरगा नव्हेच' आणि नंतर 'आला बाबा माणसात' ही दोन वाक्ये घरच्यांच्या तोंडून येतात तेव्हा डॉक्टर कान टवकारतात. व्यक्तिमत्त्व विकारात असा आधी-नंतर स्पष्ट सापडत नाही. स्वतःकडे पाहण्याची आणि दुसऱ्याशी जोडून घेण्याची रीतच किशोरवयापासून दुखरी झालेली असते.

घराणेही विचारले जाते. बायपोलर हा घराण्यात चालणाऱ्या आजारांपैकी एक. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका इतरांपेक्षा बराच जास्त, तरी अशा दहा नातलगांपैकी नऊ जणांना तो होत नाही, हेही लग्न मोडायला निघालेल्या पाहुण्यांना सांगावे. बॉर्डरलाइनच्या अनेक रुग्णांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड सापडते. पण सर्वांच्या नाही. म्हणून मुलीला हे निदान झाले की लगेच आईबापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

एवढे वाचून तुम्ही मित्रांवर शिक्के मारत सुटाल अशी आम्हाला भीती आहे. तसे करू नका, कारण खरे रुग्ण वरच्या दोन चित्रांइतके सुटसुटीत नसतात. उन्माद नेहमी आनंदी नसतो, कित्येकांत तो केवळ चिडचिडा असतो. उन्माद आणि नैराश्य एकाच वेळी मिसळूनही येतात आणि तेव्हा तो माणूस हुबेहूब बॉर्डरलाइनसारखा दिसतो. बायपोलरच्या दर दहांपैकी एका-दोघांत दोन्ही आजार सोबतच असतात. दारू, गांजा, थायरॉइडचा बिघाड, काही औषधे यांनीही मूड असाच वरखाली होतो. म्हणून पहिल्या भेटीत रक्ताची तपासणी सांगितली तर डॉक्टर पैसे काढतोय असे समजू नका.

एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणूस पर्वाच्या ऐन भरात असताना त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा निकाल लावायचा नाही. उन्मादात कोणीही उद्धट, खोटारडा, बेफिकीर दिसतो. नैराश्यात कोणीही चिकट, परावलंबी, अपराधी दिसतो. मूड स्थिरावू द्यावा, काही महिने पाहावे, मग व्यक्तिमत्त्वाविषयी बोलावे. चांगले डॉक्टर निदान बदलतात ते यामुळे, आणि निदान बदलले म्हणून आधीचा डॉक्टर मूर्खच होता असेही नाही.

आता 'स्वभाव' या शब्दाविषयी थोडे. आपल्या वस्त्यांत बायपोलरच्या रुग्णाला 'वेड लागले' किंवा 'बाहेरची बाधा' म्हणतात, तर व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णाला 'स्वभावच वाईट' म्हणतात. पहिल्याला निदान आजारी तरी मानले जाते. दुसरीच्या वाट्याला फक्त राग येतो आणि तो घरच्यांपुरता नसतो. दवाखान्यातही 'ही पेशंट त्रासदायक आहे' असे कुजबुजले जाते. व्यक्तिमत्त्व विकार हे नावच गैरसमज पसरवते, असे आमचे मत झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली तिने जुने बरेच कप्पे मोडले. आता आधी त्रास सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवायचे आणि मग त्याची तऱ्हा सांगायची. बॉर्डरलाइन हा त्यात एक नमुना म्हणून उरला आहे.

पण आपल्यासारख्या समाजाने शिक्क्यांविषयी आणखी एका कारणाने सावध राहिले पाहिजे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने गुलामगिरीतून पळून जाणाऱ्या काळ्या माणसांना एक आजार आहे असे जाहीर केले होते आणि त्या 'आजाराला' नावही दिले होते. पळून जाणे हे त्या डॉक्टराला लक्षण वाटले, गुलामी नाही वाटली. वसतिगृहात, कंपनीत, कॉलेजात जातीवरून अपमान सोसणारा मुलगा चिडतो, कोणावर विश्वास ठेवत नाही, पुन्हा पुन्हा तक्रार करतो. त्याला 'अतिसंवेदनशील व्यक्तिमत्त्व' म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. आपला कायदा इथे आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की एखाद्याची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, तो कोणत्या धार्मिक वा सांस्कृतिक गटाचा आहे, किंवा समाजातल्या रूढ मूल्यांशी, श्रद्धांशी तो जुळत नाही, यावरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. बंडखोरी म्हणजे आजार नव्हे, हे कायद्यात लिहिलेले आहे.

याची दुसरी बाजू सांगायला आम्हाला जड जाते, पण सांगतो. चळवळीत आपण झोप मोडून काम करणाऱ्याचे कौतुक करतो. 'भाऊ तीन दिवस घरी गेला नाही' हे अभिमानाने सांगतो. जयंतीच्या धामधुमीत उन्मादाची सुरुवात सहज लपते आणि कर्ज, मारामारी, पोलीस केस झाल्यावर लक्षात येते. उत्साह आणि उन्माद वेगळे ओळखायचे तर एवढे पाहा: कार्यक्रम संपल्यावर तो झोपतो का, दुसऱ्याचे ऐकून घेतो का, खर्चाचा हिशेब देतो का. तिन्ही 'नाही' असतील आणि तो नेहमीचा तो वाटत नसेल, तर सत्कार पुढे ढकला.

उपचारांकडे येऊ. बायपोलरसाठी लिथियम हे जुने आणि आजही भरवशाचे औषध. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला. ते आत्महत्येचा धोकाही कमी करते. मात्र त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवावी लागते आणि दीडच्या पुढे गेली की विषबाधा होऊ शकते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवून सांगतो आहोत, कारण ती आपल्या भागाशी थेट जोडलेली आहे. भातसा, तानसा, वैतरणा शहापूरच्या परिसरात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे महिन्यांत कसाऱ्याच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत बसतात. वीटभट्टीवर, शेतावर, रस्त्याच्या कामावर उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पुरेसे पाणी न मिळणाऱ्या माणसाच्या शरीरात लिथियम साचत जाते. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही पातळी वाढते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, उलट्या, बोबडे बोलणे असे काही दिसले तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. आणि डॉक्टरला न विचारता मीठ एकदम सोडायचे नाही. रक्ताची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी ठरल्या वेळी झालीच पाहिजे. ज्याला हे जमणारे नाही त्याला डॉक्टर दुसरे औषध देतात. त्यातले व्हॅल्प्रोएट हे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत, कारण गर्भाला व्यंग होण्याचा धोका असतो. तरुण मुलीला ते लिहून दिले असेल तर विचारायला लाजू नका.

आणखी एक. नैराश्यात पडलेल्या बायपोलर रुग्णाला जवळच्या डॉक्टरने फक्त नैराश्याची गोळी दिली तर काहींचा काटा थेट उन्मादाकडे उलटतो. म्हणून नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला 'पूर्वी कधी झोपेशिवाय खूप उत्साहाचे दिवस गेले होते का' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टरने विचारला नाही तर सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने आपणहून सांगावे. रुग्ण बहुधा सांगत नाही, त्याला ते दिवस आजार वाटलेच नव्हते.

बॉर्डरलाइनसाठी असे एक औषध नाही. गोळ्या संकटात किंवा सोबतच्या नैराश्यात उपयोगी पडतात, पण वर्षानुवर्षे तीन-चार प्रकारच्या गोळ्या चालू ठेवल्या तर वजन आणि साखर वाढते, मूळ दुखणे तिथेच राहते. यासाठी सर्वांत प्रसिद्ध थेरपी, डीबीटी, अमेरिकेच्या मार्शा लिनहान यांनी घडवली. स्वतः लिनहान १७ व्या वर्षी मनोरुग्णालयात भरती होत्या, स्वतःला जखमा करून घेत होत्या आणि तिथे त्यांचे निदानच चुकले होते, स्किझोफ्रेनिया म्हणून. हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. त्या झेन साधना शिकल्या आणि त्यातली सजगता त्यांनी थेरपीच्या पायात घातली. म्हणजे ध्यानाला आमचा विरोध नाही. थोड्या थोड्या मात्रेत, जाणकार माणसाच्या सोबतीने, लाट येते तेव्हा काय करायचे याच्या सरावासह दिलेली सजगता वेगळी आणि आजाराच्या भरात एकदम दहा दिवसांचे मौन वेगळे.

कसाऱ्यात डीबीटी कुठे मिळणार, असे तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, पण दर आठवड्याला ठाण्याला जाणे म्हणजे दर आठवड्याला एक मजुरी बुडवणे. तरीही निराश होऊ नये असे एक संशोधन आहे. टोरांटोमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८० रुग्णांपैकी काहींना डीबीटी आणि काहींना नीट आखलेले, नियमित, एकाच डॉक्टरच्या देखरेखीखालचे साधे उपचार दिले. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा होती. ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, संकटात काय करायचे याचा आधीच लिहून ठेवलेला कागद, एवढ्यानेही पुष्कळ होते. अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासांत तर दहा वर्षांत बहुसंख्य रुग्णांची लक्षणे ओसरलेली दिसली. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण इथे खोटी ठरते.

स्वतःला इजा करण्याच्या बोलण्याला धमकी समजून सोडून देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. दोन्ही आजारांत आत्महत्येचा धोका मोठा आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर केस होईल या भीतीने घरचे दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कुठल्याही मानसिक रुग्णाला साखळदंडाने बांधायला हाच कायदा मनाई करतो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, तेवढे पोलीस पाटलाला माहीत करून द्या.

विनयपिटकात गग्ग नावाच्या एका भिक्खूची हकीकत येते. त्याचे मन अधूनमधून ठिकाणावर नसायचे. उपोसथाला कधी यायचा, कधी विसरायचा. भगवंतांनी त्याला काढून टाकायला सांगितले नाही. संघाने त्याची अवस्था रीतसर मान्य करावी, तो आला तरी आणि न आला तरी संघाचे काम चालावे, अशी मोकळीक दिली. पुढे गग्ग बरा झाला, तेव्हा काही भिक्खू त्याला भ्रमाच्या काळात केलेल्या गोष्टींवरून टोचू लागले. त्यावरही निर्णय झाला: त्या अवस्थेत जे घडले त्याचा दोष बरे झाल्यावर लावायचा नाही. याला अमूळ्हविनय म्हणतात. आपल्या त्या २३ वर्षांच्या तरुणाला दिवाळीत परत मंडळात घेताना 'हाच तो, कर्ज काढून डीजे लावणारा' असे हसणाऱ्यांना ही हकीकत सांगा.

आता कामाचे. डॉक्टरला पाच मिनिटांत निदान करायला लावायचे नसेल तर आपण माहिती घेऊन गेले पाहिजे. घरात भिंतीवर कालनिर्णय असतेच. त्याच्या प्रत्येक चौकोनात रात्री किती तास झोप झाली तेवढा आकडा लिहा. फार उत्साह असेल तर वर बाण, फार खचलेला असेल तर खाली बाण. त्याच दिवशी भांडण, दारू, पाळी, रात्रपाळी, चुकलेली गोळी असे काही असेल तर एक शब्द. दोन-तीन महिन्यांची पाने फाडून डॉक्टरसमोर ठेवली की पर्वे आहेत की तासांच्या लाटा आहेत हे बरेचसे दिसते. पूर्वीचे केस पेपर, औषधांच्या पट्ट्या, घराण्यात कोणाला असे काही झाले होते का याची माहिती सोबत. आणि सोबत जाणारा तोच तो माणूस असावा, दर वेळी नवा नको.

शहापूरच्या किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडे विचारून ठेवा आणि विहाराच्या फळ्यावर लिहा. भरतीची गरज पडली तर ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचे. कसाऱ्याहून लोकलने ठाणे पावणेदोन तासांवर. पहाटेच्या गाडीने निघाले की ओपीडीच्या वेळेत पोहोचता येते. पाण्याची बाटली, डबा आणि कालनिर्णयची पाने पिशवीत असू द्या.